टाकवतही नाही आणि देववतही नाही

या आठवड्यात कोल्हापुरातल्या कळंब्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात देते. "आम्ही दोघं नोकरीला, दोन मुलं, सासूबाई. फ्रिज उघडला की मलाच कसंतरी होतं, दर आठवड्याला अर्धी पिशवी भाजी आणि वाट्यावाट्यांनी उरलेलं टाकून देतोय. कपाटाचं दार लागत नाही एवढे कपडे. गेल्या महिन्यात कामाच्या मावशींना दोन दिवसाची बटाट्याची भाजी आणि भात दिला तर 'नको वहिनी, घरात हाय' म्हणून तसाच ठेवून गेल्या, मला राग पण आला आणि लाज पण वाटली. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी दारातनं कोण रिकामं जात नव्हतं आणि कायबी वाया जात नव्हतं. त्यांच्यापेक्षा आमची कमाई कितीतरी जास्त, तरी द्यायचं म्हटलं की हात आखडतो. पुढच्या महिन्यात धाकट्याचा पहिला वाढदिवस आहे, हॉल घेतलाय, दीडशे माणसं, तिथं किती वाया जाणार या विचारानं आत्तापासनंच झोप उडालीय. काय करू?"

ताई, आधी मावशींचंच बोलूया कारण मला वाटतं बाकी सगळ्याचं उत्तर त्याच भाजी-भातात आहे.

मावशींनी बरोबर केलं. तुम्ही वाईट मनानं दिलं नव्हतं हे मला पत्रातनं कळतंय, पण त्यांच्या बाजूनं बघा ना, ज्या घरात त्या रोज भांडी घासतात त्या घरात परवा रात्री काय शिजलं होतं हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत असतं, कारण ते पातेलं त्यांनीच घासलेलं असतं. त्यामुळं आपल्याला काय दिलं जातंय आणि कधी दिलं जातंय हे त्यांना बघताक्षणी कळलं. आणि भाताचं म्हणाल तर मान-अपमान बाजूला ठेवला तरी तो धोक्याचाच, भात शिजला तरी त्यातले काही जंतू बीजाणू होऊन जिवंत राहतात, भात बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी जे विष तयार केलेलं असतं ते परत गरम करून जात नाही. शिजलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मधे जेवढा वेळ राहील तेवढं ते बिघडत जातं, दोन तासाच्या आत खावं नाहीतर फ्रिजमधे जावं असा साधा नियम आहे. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उकाड्यात तर दोन तास पण जास्तच.

मग द्यायचंच नाही का? द्यायचं की! पण सकाळी भाजी कढईत असतानाच विचारायचं, "मावशी, आज मेथी जास्त झालीय, गरम आहे, डब्यात देऊ का?" असं. झाकणाचा डबा, चांगला घासलेला, त्यात आधी त्यांचं काढायचं आणि मग आपलं टेबलावर न्यायचं. कॅरीबॅगेत गाठ मारून द्यायचं नाही. त्या नको म्हणाल्या तर तोंड पाडायचं नाही, त्यांच्या घरी पण त्यांनी स्वयंपाक केलेला असतो. आणि माझी कसोटी अशी की जे मी आज माझ्या मुलाच्या ताटात वाढणार नाही ते दुसऱ्या कुणाच्या डब्यात जाणार नाही, यात कुणालाच सूट नाही.

आता तुम्ही पत्रात दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात, एक वाया फार जातं आणि दुसरी द्यायला हात होत नाही. मला त्या दोन वाटतच नाहीत. ती बटाट्याची भाजी पहिल्या दिवशी संध्याकाळी चांगली होती, शेजारच्या फ्लॅटमधल्या कुणीही आनंदानं खाल्ली असती. आपण म्हटलं राहू दे, उद्या होईल. उद्या झाली नाही. तिसऱ्या दिवशी आपल्याला नकोशी झाली तेव्हा आपल्याला दान सुचलं. साड्यांचं तेच, मुलांच्या पुस्तकांचं तेच, अहो स्वेटरचं पण तेच. वस्तू चांगली असते तेव्हा सोडवत नाही आणि सोडवते तेव्हा ती चांगली राहिलेली नसते.

सासूबाई सांगतात ते खरं आहे, पण त्या काळची माणसं काय वेगळ्या मातीची होती असं नाही हो. त्यांच्याकडं फ्रिज नव्हता. रात्री निजायच्या आधी जे उरलंय त्याचं काय करायचं हे ठरवावंच लागायचं, शेजारी द्या, दारात आलेल्याला वाढा, गाई-म्हसरांना घाला नाहीतर सकाळी भाकरी ताकात कुस्करून खावा. रोजच्या रोज निर्णय व्हायचा. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांत वाटी इकडनं तिकडं जायची आणि ती रिकामी परत यायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. फ्रिजनं आपल्याला निर्णय पुढं ढकलायची सोय दिली आणि आपण तीन-तीन दिवस ढकलतोय. आणि हे तुमच्या एकटीच्याच घरात चाललंय असं समजू नका, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय. तुमच्या घरात पाच माणसं, गुणून बघा.

त्यामुळं स्वयंपाकघरात मी एवढंच सांगेन की रोज रात्री नऊ वाजता फ्रिज एकदा उघडायचा आणि ठरवायचं. उद्याच्या डब्यात, आत्ता वरच्या मजल्यावर, की सकाळी फोडणीला. हे काम सासूबाईंना द्या. खरंच सांगते, मदत म्हणून नको, अधिकार म्हणून द्या, उरलेल्या चपात्यांचा कुस्करा कसा करायचा, आमटीत कणकेची फळं कशी सोडायची, शिळी भाकरी कशी खपवायची हे त्यांच्याएवढं आपल्याला येत नाही आणि त्यांना पण घरात आपलं कायतरी चालतंय असं वाटेल. भाज्यांचं म्हणाल तर मूळ अडचण लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात आहे, संध्याकाळी वाटे स्वस्त होतात, मेथीच्या तीन जुड्या घेतो, कोथिंबीर दोन, आणि सोमवार ते शुक्रवार दोघं ऑफिसात, निवडणार कोण? एकच जुडी घ्यायची आणि बुधवारी परत घ्यायची. दहा रुपये वाचवायला घेतलेली जुडी गुरुवारी पिवळी पडून कचऱ्याच्या गाडीत, टिपरमधे जाते तेव्हा तिला पिकवणाऱ्याचे पण कष्ट जातात, पन्हाळ्याकडनं, करवीरच्या गावांतनं पहाटे गाडीत भाजी घालून बाया येतात, मला तर ते डोळ्यासमोर आलं की जुडी टाकवत नाही. केळी, पिकलेले आंबे, टोमॅटो पालेभाजीशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळातनं जो वायू सुटतो त्यानं पाला लवकर पिवळा होतो. कोथिंबीर न धुता कोरड्या फडक्यात. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असेल तर ती तारीख चवीची, दुसऱ्याच दिवशी ते विष होत नाही, वास-रंग बघून वापरा, 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' असेल तर मात्र ऐकायचं.

कपाटाचं जरा सविस्तर सांगते कारण इथं आपल्या भागात फार चुका होतात.

२०१९ चा महापूर आठवतोय ना. शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, ट्रक ड्रायव्हर दिवसेंदिवस अडकले होते आणि आजूबाजूच्या गावातल्या पोरांनी त्यांना जेवण पोचवलं, घराघरातनं चपात्या गोळा झाल्या, मला आजपण ते आठवलं की भरून येतं. आणि त्याच पुरात जुन्या कपड्यांचे एवढे ढीग आले की कपडे नकोत, पाठवू नका असं सांगायची वेळ आली. फाटक्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, लोकांनी कपाटं रिकामी केली आणि मदत केली असं समजले. ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलेलं त्यांनी ते निवडत बसायचं का? एवढं सगळं नीट करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे पण झालं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

कपडे देताना ते धुतलेले, इस्त्री केलेले, बटणं लावलेले पाहिजेत. साडीबरोबर मॅचिंग ब्लाऊजपीस द्या, आहेरात आलेले ब्लाऊजपीस आपल्या प्रत्येकीच्या कपाटात गठ्ठ्यानं पडलेत, या कार्यातनं त्या कार्यात नुसते फिरतायत, ओटीत आले आणि ओटीत गेले, कुणी शिवत नाही. बारा साड्या देण्यापेक्षा तीन द्या पण नेसून लग्नाला जाता येईल अशा द्या. जे खरंच विरलंय त्याची घरातच फडकी, पायपुसणी करा, गोधडी शिवणारं कुणी माहितीत असेल तर त्यांना द्या, दान म्हणून देऊ नका.

आणि वेळ बघा. दिवाळीत सीपीआर चौकात माणुसकीची भिंत असते, तिथं देता येतं, चांगली गोष्ट आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती थंडी. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, बीडकडनं, मराठवाड्यातनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उघड्या रानात कोपी म्हणजे झोपडी घालून राहतात, बरोबर लहान लहान पोरं असतात आणि नदीकाठचा गारठा आपल्याला घरात सोसत नाही तर त्यांचं काय होत असेल. तुमच्या मोठ्याला यंदा जो स्वेटर आखूड झाला तो नोव्हेंबरात तिथं गेला पाहिजे, मार्चमधे कपाट आवरताना नाही. टोळीच्या मुकादमाला नाहीतर जवळच्या शाळेतल्या गुरुजींना आधी विचारा, काय लागतंय, किती वर्षाची मुलं आहेत. बऱ्याचदा ताडपत्री, चार्जिंगची बॅटरी, पोरांच्या चपला हे जास्त लागतं आणि आपण मात्र फ्रॉक घेऊन जातो.

पुस्तकांना तर तारीखच असते. दहावी-बारावीचं पुस्तक मेमधे दिलं तर कुणाच्यातरी हातात पडतं, दोन वर्षं माळ्यावर ठेवून दिलं तर तोवर अभ्यासक्रम बदलतो आणि ते रद्दीच. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, म्हणून नववीच्या पुढची, इंग्रजी माध्यमाची, स्पर्धा परीक्षेची द्या. आपलं कोल्हापूर या बाबतीत भाग्यवान आहे हो, शाहू महाराजांनी १९०१ पासनं इथं एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली, जागा दिल्या, दसरा चौकाच्या आजूबाजूला फिरला तर अजून ती बोर्डिंगं दिसतात आणि अजून खेड्यातली मुलं तिथं राहून शिकतात. एखाद्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन जा, रेक्टरना विचारा काय पाहिजे. कदाचित ते म्हणतील पुस्तकं नको, महिन्यातनं एकदा गणित शिकवायला या. ते पण देणंच आहे.

हात आखडतो म्हणालात. त्याचं कारण मला तुम्ही कंजूष आहात असं वाटत नाही, तुमचं देणं महिनाअखेरीला असतं हे आहे. हप्ते, फी, किराणा, पेट्रोल सगळं जाऊन जे उरेल त्यातनं द्यायचं म्हटल्यावर हात आखडणारच, कुणाचाही आखडेल. पगार झाला त्याच दिवशी एक रक्कम बाजूला काढा, पाचशे असू दे, हजार असू दे, ती खर्चाचीच समजायची. आणि त्यातली पहिली रक्कम बाहेर कुठं देऊ नका, घरात काम करणाऱ्या माणसाला द्या. मावशींचा पगार एक तारखेला होतो का पाच-सहाला? महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आहेत का? तुम्ही आठ दिवस गोव्याला गेलात तर त्यांचे पैसे कापता का? त्यांच्या मुलीची जूनमधली फी भरायला हात मोकळा करता येईल का? मला विचाराल तर हजार लोकांच्या अन्नदानाची पावती फाडण्याआधी हे झालं पाहिजे. दिलेल्या भाजीपेक्षा एक तारखेचा पगार मोठा.

बाकी पैसे न लागणारं देणं पण पुष्कळ आहे, ते आपण मोजतच नाही. टिपरवर कचरा घेणारी माणसं हातानं कचरा वेगळा करतात, आपण फुटलेली काच तशीच पिशवीत टाकतो. काच जाड कागदात गुंडाळा, वर पेननं 'काच' लिहा, पॅड कागदात गुंडाळून लाल खूण करा, ओला-सुका वेगळा द्या. दोन मिनिटाचं काम आहे आणि कुणाचातरी हात कापायचा वाचतो. बावड्याच्या झूम कचरा डेपोवरचा ढीग आपल्या सगळ्यांच्या घरातनंच गेलाय. तुमच्या यजमानांचं वजन ४५ किलोच्या वर असेल, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ते तीन महिन्यातनं एकदा रक्त देऊ शकतात, बायकांना चार महिन्याचं अंतर लागतं, आणि बाळ अजून अंगावर पित असेल तर तुम्ही सध्या थांबा. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, कॅम्प कमी होतात, त्यावेळी गेलात तर जास्त उपयोग.

आणि होळीचं बघा, आपल्या गल्लीतल्या तालमी-मंडळं होळी लहान करून शेणी म्हणजे गोवऱ्या पंचगंगेच्या स्मशानभूमीला देतात, तिथं महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, त्याला या शेण्यांचा मोठा आधार होतो. एकाच गोष्टीत जाळणं कमी झालं आणि कुणाच्यातरी शेवटच्या वेळेला घरच्यांवर पैशाचा भार आला नाही. पुरणपोळ्या आगीत टाकण्यापेक्षा पोळी दान करणारी पण मंडळं आहेत, गरम पोळ्या, त्याच दिवशी, गोळा करून वाटतात. तुमच्या कॉलनीत नसेल तर तुम्ही सुरू करा.

आता वाढदिवस. दीडशे हा आकडा कसा आला ते मला पत्रात कळलं नाही, पण बहुतेक मोबाईलमधली नावं मोजून आला असावा. व्हॉट्सॲपवर कार्ड टाकून मोकळं होऊ नका, आठ दिवस आधी एकेकाला फोन करून येताय का, किती जण येताय विचारा, आपल्याकडं असं विचारायला लोक लाजतात, अपमान होईल म्हणतात, अजिबात होत नाही, उलट आठवणीनं फोन केला म्हणून बरं वाटतं. मेनू निम्मा करा. एक गोड पुरे. स्टार्टरचे तीन काउंटर, चायनीज, चाट आणि वर परत जेवण, यात लोक सगळ्याचं थोडं थोडं घेतात आणि अर्धं टाकतात. जागा असेल तर पंगत घाला, वाढप्यांनी थोडं थोडं वाढायचं आणि परत परत विचारायचं, आग्रह पण होतो आणि ताटात उरत नाही. बुफेच असेल तर ताटं लहान ठेवायला सांगा. मावशींना आणि त्यांच्या घरच्यांना बोलवा, त्या दिवशी कामाला लावायचं नाही, पाहुण्यांसारखं बसवायचं. डेकोरेशनला थर्माकोल नको, त्यावर महाराष्ट्रात २०१८ पासनं बंदी आहेच, झेंडूची फुलं लावा. पोरांना रिटर्न गिफ्ट म्हणून प्लॅस्टिकची खेळणी वाटू नका, दुसऱ्या दिवशी तुटतात, एकेक रंगपेटी नाहीतर गोष्टीचं पुस्तक पुरे. आहेर नको असं सांगायचं असेल तर फोनवरच सांगून टाका, नाहीतर अजून वीस ब्लाऊजपीस आणि स्टीलचे डबे येणार.

आणि उरलेलं कुठं पाठवायचं असं तुम्ही विचारणार हे मला माहितीय, तर ते असं करा. रात्री साडेदहाला हॉलवरनं उरलेलं पाठवायचं ठरवू नका, तोवर ते तीन-चार तास उघड्यावर असतं, शंभर चमचे त्यात फिरलेले असतात आणि घेणाऱ्या ठिकाणी जेवणं होऊन माणसं झोपलेली असतात. कॅटरर्सना पंचवीस माणसांचं जास्तीचं करायला सांगा आणि ते केक कापायच्या आधी, किचनमधनंच, झाकणाच्या डब्यात भरून गरम गरम रवाना करा. शहरात बेघरांसाठी निवारा केंद्रं आहेत, मुलांची वसतिगृहं आहेत, कुठं द्यायचं त्यांना चार दिवस आधी फोन करून तारीख, वेळ, माणसं विचारून घ्या, शाकाहारी लागतं का, किती वाजता जेवतात हे पण विचारा. दही, पनीर, क्रीमचं काही पाठवू नका, भात, आमटी, चपाती, भाजी आणि गोड एवढं पुरे. पोचवायला तुमच्या यजमानांनी स्वतः जावं, फोटो काढू नयेत.

दीडशेचे शंभर झाले तर या पंचवीस ताटांचे पैसे त्यातनंच निघतात आणि वर उरतात. कॅटरर्सना फोन आजच करा, महिनाभर आधी आकडा बदलायला कुणी नाही म्हणत नाही, दोन दिवस आधी सांगितलं तर त्यांचा किराणा भरलेला असतो आणि ते दीडशेचंच करतात.